एका वेळी दोन पत्रे

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं.) तुमचे गुडघे, तुमचा खोकला आणि तुमची मांजर बरी असतील असं धरून चालतो. कानाबद्दल विचारत नाही. जेवताना सगळ्यांदेखत आई तुम्हाला "दादा, तुला आता काही ऐकू येत नाही" म्हणाली, तेव्हापासून तुम्ही आमची पायरी चढला नाहीत आणि आमच्याकडे कान हा शब्दच बंद आहे. बायकोला कानातले हवे असले तरी ती नुसतं 'दागिने' म्हणते.

आता मुद्द्याचं. पंच मोडला. पत्र्याला भोकं पाडणारा, तुम्ही घडवलेला, निवृत्त होताना आम्हा सगळ्यांपेक्षा ज्याच्याकडे तुम्ही जास्त वेळ बघत होतात, तोच. गंज चढू नये म्हणून पत्रे तेल लावून येतात (हे तुम्हालाच सांगतोय, काय म्हणावं मला!), त्यातले दोन असे चिकटले होते की दोन आहेत हे कळलंच नाही. प्रेसवाल्याने जोडी आत सरकवली, पंच एकाच्या तयारीने खाली आला आणि कटकन मोडला. साहेब म्हणाले, पाटी लावा. अक्षर माझं चांगलं (तुमच्या छडीची कृपा), म्हणून मीच लिहिली: "एका वेळी दोन पत्रे घालू नयेत. पंच मोडतो." साहेबांना ती एवढी आवडली की प्रती काढून कारखानाभर लावल्या, अगदी ऑफिसातही.

ऑफिसात टपाल बघणाऱ्या बाई आहेत, अत्यंत शिस्तीच्या. पत्रा काय आणि पत्र काय, अनेकवचन दोघांचंही पत्रेच, त्याला त्या तरी काय करणार? पंच कोण हे त्यांना उमगलं नाही, पण कोणी मोठे गृहस्थ असावेत आणि त्यांचं मन मोडत असावं असं त्यांनी धरलं. झालं! माझ्या ट्रेमध्ये रोज एकच पत्र. गिऱ्हाइकाची आली होती दोन. पहिल्यात, "नेहमीचीच भोकं पाडा." दुसऱ्यात, "या वेळी पत्रा जाड आहे, खालची डाय बदला." दुसरं बाईंनी उद्यासाठी जपून ठेवलं. जाड पत्र्याला पातळ पत्र्याची डाय, म्हणजे पंच आणि तो ज्या भोकात उतरतो ती डाय यांच्यातली फट अपुरी. दुपारपर्यंत तुमच्याच दुसऱ्या पंचाच्या कडेचा टवका उडाला. बाईंना कळलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या. मी रागवायला गेलो होतो, चहा पाजून परत आलो. पाटी माझीच ना!

आता तुमच्या हातचा शेवटचा पंच उरलाय. तो गेला तर प्रेस बंद आणि मी पॅकिंगला, असं साहेबांनी सांगितलंय. तुम्ही आवाजावरून ओळखायचात: टक वाजलं तर धार आहे, धप वाजलं तर काढून घासायला घ्या. मला सगळंच धप ऐकू येतं. तेव्हा घरात ऐकू न येणारे तुम्ही एकटे नाही. मामा, थट्टा सोडा, मला खरंच भीती वाटते. एकदा येऊन पंच बसवून द्या. आवाजाचं राहू द्या, प्रेसवर तळहात ठेवला तरी तुम्हाला कळतं, मी पाहिलंय.

तुमचा आज्ञाधारक (ही पदवी तुम्ही कधीच मान्य केली नाहीत)
भाचा

ता. क. आईनेही तुम्हाला लिहिलंय. याच पाकिटात घालणार होतो, पण बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. सगळं समजावूनही त्या आता धोका पत्करत नाहीत. तेव्हा तिचं पत्र मागाहून येईल. त्यात माफी शोधू नका. "दादा, ऐकू येत नसलं तरी जेवायला ये, मी मोठ्याने बोलेन," एवढंच आहे.

आणखी एक ता. क. खरं सांगू? शेवटचा पंच मी परवाच बसवला. तुम्ही शिकवलंत तसं आधी प्रेसचं चाक हाताने फिरवून कागद कापून पाहिला, सगळीकडून साफ कापला गेला. प्रेस मजेत चालू आहे. कागद म्हणून खिशात आईच्या पत्राचा, तिने फेकून दिलेला आणि मी उचललेला, पहिला खर्डा होता. माफी त्यात होती. आता तिथे भोक आहे. कापलेली टिकली मी जपून ठेवलीय, तिच्यावर "दादा, चुकलं" एवढंच मावलंय. टपालाने पाठवणार नाही. न्यायला या.