पँटचा दुसरा पाय

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगांनी. त्यातली सात हजर आहेत. आठवं, म्हणजे डावं मनगट, प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याचा नमस्कार मागाहून पाठवीन.) तुझ्या मागच्या पत्रात तू स्वतःच्या तब्येतीबद्दल ‘ठीक’ एवढा एकच शब्द लिहून बाकीचं सगळं पत्र शेजारणीच्या मांजरावर खर्च केलं आहेस, त्यावरून तुझं बरं चाललं असावं असं धरून चालतो. इथे सगळे मजेत आहेत. नसलेला मी एकटा.

तर ताई, मी पडलो. तू लगेच ‘कुठून?’ असं विचारशील. प्रत्येकानं तेच विचारलं, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्या माणसानं उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला, एका हातात डबा, एका हातात ब्रश आणि पायाखाली परांचीची फळी अशा अवस्थेत भर वाऱ्यात हातभर उंचीची अक्षरं काढली, तो माणूस पडला म्हणजे निदान दुसऱ्या मजल्यावरून तरी पडला असणार. तिथून मी कधीच पडलो नाही. (एकदा डबा पडला होता, पण तो एका वकिलावर पडल्यामुळे बाजारातल्या लोकांनी तो अपघात धरला नाही.) मी पडलो ते आमच्या झोपायच्या खोलीत, कोरड्या, सपाट फरशीवर, पँट घालताना.

म्हणजे झालं असं की डावा पाय बिनतक्रार आत गेला. उजवा उचलला, तर त्याचा अंगठा मध्येच शिवणीत अडकला. अशा वेळी शहाणा माणूस पाय बाहेर काढतो. मी जोर लावला. मग एका पायावर उड्या मारत कपाटापर्यंत पोचलो आणि आधाराला कपाटाचं दार धरलं. दारानं दाराचं काम केलं, म्हणजे ते उघडलं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी त्यात फार गुंतलेलो होतो. डोळे उघडले तेव्हा मी उताणा, मनगट अंगाखाली, आणि पँट अर्धी माझी, अर्धी जमिनीची.

तुला म्हणून सांगतो, आधी राग आला. मग लाज वाटली. भीती सगळ्यात शेवटी आली, पण आली ती ठिय्या मारूनच बसली. छताकडे बघत पडलो होतो. छत मीच रंगवलेलं. एका कोपऱ्यात ब्रशचा फराटा राहून गेलाय, तो इतक्या वर्षांत दिसला नव्हता. (उभ्या माणसाला तो दिसणारच नाही, त्यामुळे माझ्या कामात खोट काढू नकोस.) उठायचं म्हणून मनाशी ठरवलं, आणि शरीरानं काही ऐकलंच नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं, ताई. आपलंच घर, आपलीच फरशी, आणि आपण तिच्यावर सांडल्यासारखे पडून आहोत.

तुझी भावजय स्वयंपाकघरात होती. मी हाक मारली. तिला वाटलं, मी चष्मा शोधतोय. ‘टेबलावर आहे’ म्हणून ती तिथूनच ओरडली. मी पुन्हा हाक मारली. ‘टेबलावर, टेबलावर!’ तिसऱ्या हाकेत मात्र माझा आवाज बहुतेक बदललेला असावा, कारण ती हातातलं पातेलं घेऊनच धावत आली. मला बघून तिनं पातेलं ठेवलं आणि मला धीर द्यायला खाली बसली. डोकं मांडीवर घेतलं, कपाळ पुसलं, सगळं सिनेमात असतं तसं व्यवस्थित झालं. आणि मग तिला उठताच येईना.

तिचे गुडघे तुला माहीत आहेत. खुर्चीतून उठायला ती पलीकडच्या भिंतीशी बोलणी करते, फरशीवरून कशी उठणार? मी तिला चांगल्या हातानं रेटलं, तिनं पलंगाचा पाय ओढला, पलंग आमच्याकडे सरकला, आम्ही होतो तिथेच. फोन बाहेर टेबलावर, चष्म्याशेजारी, म्हणजे बसलेल्या माणसाच्या हाताबाहेर. मग ती म्हणाली, “आता काय करायचं?” मी म्हणालो, “तू आलीस कशाला खाली?” ती म्हणाली, “तुम्ही एकटे होतात म्हणून.” असं म्हणून तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. हसलं की मनगटातून कळ यायची आणि कळ आली की ती आणखी हसायची. लग्न झाल्यापासून इतके जवळ बसून आम्ही कधी हसलो नसू, आणि जागा मिळाली ती पलंग आणि कपाट यांच्यामधली.

शेवटी आम्ही दोघं बसल्या बसल्या सरकत घराच्या बाहेरच्या दारापर्यंत निघालो. (त्या प्रवासाचं वर्णन करत नाही. पँट अजून अर्ध्यावरच होती एवढं सांगतो.) दाराला आतून कडी, तीही वरची. तुझ्या भावजयीनं केरसुणीच्या मुठीनं ती ढोसायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून समोरचे निवृत्त कॅशिअर आले आणि दाराबाहेरून, ट्रक मागे घेताना सांगतात तशा सूचना देऊ लागले. डावीकडे घ्या, अजून, अजून, बस्स! कडी निघाली. ते आत आले आणि त्यांनी आम्हाला उचललं नाही. त्यांनाच कमरेला पट्टा. पण ते स्वयंपाकघरातून एक खुर्ची घेऊन आले, आणि आधी कुशीवर व्हा, मग गुडघ्यावर या, मग खुर्ची धरा असं करत एकेकाला उभं केलं. मला आश्चर्य वाटलं तर म्हणाले, “मी पडतो अधूनमधून. सांगत नाही कोणाला.” आणि मान फिरवून त्यांनी मला पँट नीट करायला वेळ दिला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी फक्त पाण्याच्या टाकीवरून भांडलो आहे.

तर त्यांना मी काय सांगावं? शिडीवरून पडलो म्हणालो. खोलीत शिडी नव्हती, पण ते सभ्य गृहस्थ, त्यांनी शोधली नाही. दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरीणबाईंनाही मी शिडीच सांगितली. एकदा सांगितली म्हटल्यावर तिची उंचीही सांगावी लागली. बाईंचा चेहरा गंभीर झाला, त्यांनी डोक्यापासून कमरेपर्यंत सगळ्याचे फोटो काढायला सांगितले. तेवढ्यात तुझा भाचा ऑफिसातून धापा टाकत आला. बाई त्याला म्हणाल्या, “या वयात वडिलांना शिडीवर चढू देता?” तो माझ्याकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, “बाबा, शिडी तर मी मागच्या उन्हाळ्यातच वायरमनला देऊन टाकली. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, पँट का?” मी मान हलवली. “रोज एक तरी येतात,” त्या म्हणाल्या. “बसून घालत जा.”

मनगटाचं काही वाटलं नाही ताई, पण शिडी गेल्याचं लागलं. मला न विचारता! वर चढायचं नव्हतंच मला, पण ती मागच्या गॅलरीत उभी आहे अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवर माझं बरं चाललं होतं. रिक्षात मी त्याच्याकडे पाठ करून बाहेरच्या पाट्या वाचत बसलो. घरी आल्यावर तो खाली बसला आणि माझे बूट काढायला लागला. मी पाय मागे घेतला, त्यानं तो पुन्हा पुढे ओढला. म्हणाला, “तुम्ही परत चढाल म्हणून मला झोप लागायची नाही.” त्याच्या टाळूवरचे केस विरळ झालेत हे मला त्या दिवशी वरून बघताना कळलं. आपलं पोर पन्नाशीला टेकलंय. मी दुसरा पाय आपण होऊन पुढे केला.

आता भेटायला लोक येतात ते माझं ऐकायला येत नाहीत, स्वतःचं सांगायला येतात. शिंपी चपलेच्या बंदावरून पडला होता, निवृत्त हेडमास्तर सकाळचा पेपर उचलताना. प्रत्येकाला आपलंच पडणं मोठं वाटतं, आणि पँटला तर या मंडळींत अगदी खालचा क्रमांक आहे. लहानपणी आपण पडायचो आणि उठायचो, त्याची बातमी होत नसे. आता ‘पडले’ म्हणताना लोक आवाज खाली आणतात.

बाकी क्षेम. वडीलकीच्या नात्यानं रागवायचं असेल तर सावकाश रागव, मी कुठे पळून जाणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तुझ्या भावजयीची माझं करता करता फार ओढाताण होते. (ती तसं कबूल करणार नाही.) शर्टाची बटणं लावण्यापासून सगळं तिला करावं लागतं. तेव्हा तू दोन-चार महिने इकडे येऊन राहिलीस तर तिला हातभार लागेल. नाही म्हणू नकोस. गाडीवर घ्यायला तुझा भाचा येईल.

ता. क. वन्सं, सा. न. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी माझ्याही. ह्यांचं प्लास्टर निघून पंधरवडा झाला. बटणं स्वतः लावतात, काल कपाटाचं दारही रंगवलं. तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि कोणाला कळू दिलं नाहीत, हे तुमच्या लेकीनं आम्हाला फोनवर सांगितलं. तेव्हापासून ह्यांना धड जेवण जात नाही. ‘आम्ही तुला सांभाळू, ये म्हटलं तर ताई येणार नाही, मला सांभाळायला ये म्हटलं तर धावत येईल,’ असं ह्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. तुमची खोली आवरून ठेवली आहे. तुम्ही येणार त्या दिवशी हे हात पुन्हा झोळीत अडकवणार आहेत, तेव्हा कुठला हात मोडला होता ते मात्र त्यांना विचारू नका, कारण ते सराव करताना रोज वेगळा अडकवतात.