धुळाजीच्या पाठीचा निकाल

कासार आंबोली,
३ ऑक्टोबर १९७९

आदरणीय अमजद मामू यांना भाचा रफीक याचा सलाम, आणि मामींना दोन, कारण त्या जास्त रागावलेल्या असणार.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करतो. अंतर्देशीय पत्र दीड महिन्यापूर्वीच आणलं होतं. पत्ता लिहिला आणि रस्त्यावर ट्रक उलटल्याचा आवाज आला म्हणून बघायला गेलो (उलटला नव्हता, भांड्यांचा होता). परत आलो तर पत्रावर शेळी उभी होती. तुमचा गुडघा कसा आहे? यंदा सावित्रीचं पाणी महाडच्या दुकानात शिरलं का? माझ्या जागी कुणी पोरगा ठेवला असेल तर त्याला काढू नका.

कारण मी कामाला लागलोय. पुण्याहून डॉ. अमिना तांबोळी म्हणून बाई आल्या आहेत, कातडीच्या रोगांच्या. त्या डॉक्टर झाल्या, त्यावर पीएचडी झाल्या, आणि त्यावर आता आणखी दोन वर्षं संशोधन शिकताहेत. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा मला वाटलं होतं शिकण्यासारखं संपलं. बाईंना सगळं संपवूनही तसं वाटत नाही. त्यांची इथली पुस्तकं म्हणजे माणसांच्या पाठी. गाजरगवत, तंबाखू, मेंढीची लोकर, असा एकेकाचा अर्क कागदाच्या टिकलीवर घेऊन पट्टीनं पाठीवर चिकटवायचा, शेजारी शाईनं आकडा घालायचा, दोन दिवसांनी पट्टी काढायची आणि चौथ्या दिवशी कुठली जागा लाल होऊन उठली ते वाचायचं. (वाचायचं असंच म्हणतात.) पाठी गोळा करून आणायचं काम माझं.

सात नंबरची पाठ धुळाजीची. मेंढरं राखतो. तीन वर्षं झाली, पावसाळा आला की त्याचं तोंड, मान, पापण्यासुद्धा सुजून पाझरतात. लोक महारोग म्हणाले. ताट वेगळं झालं. सासरे भिवाजी यंदा जेठातच माले गावाहून आले आणि लेकीला, साळूबाईंना, घेऊन गेले. महारोग नाही हे बाईंनी पहिल्याच दिवशी तपासून सांगितलं, पण नाही म्हटलं की लोक विचारतात, मग काय आहे? पट्टी लावताना धुळाजी एवढंच म्हणाला, "बाई, साळू माघारी यील का, तेवढं वाचा."

चौथ्या दिवशी त्याला सकाळी दहाला आणायचं होतं. वाटेत विहिरीत पडलेली म्हैस काढत होते. मी फक्त बघायला थांबलो (मग दोर धरला, मग सूचना दिल्या). तोवर धुळाजी मेंढरं घेऊन डोंगराला गेला. घरी त्याचा भाऊ बहिरू होता, तो म्हणाला मी येतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, इथं तुम्ही जरा माझ्या बाजूनं विचार करा. बहिरूनं सदरा काढला. पाठ पुसलेल्या पाटीसारखी. बाईंनी भिंग लावून वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "आकडे कुठं गेले?"

"आकडं धुळ्याच्या पाठीवर हायेत. त्याच्या बदली मी आलोय. रोजगाराला बी असंच जातो आमी, कुनी कदी न्हाई म्हनलं न्हाई."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी छपराकडं. मग त्यांनी वहीत लिहिलं: सख्खा भाऊ, तेच घर, तेच गवत, अंगावर काही नाही. "हेही लागेल," म्हणाल्या आणि चपला घातल्या. मामू, डोंगराच्या निम्म्यात चपलेचा अंगठा तुटला, तर चपला हातात घेऊन चढल्या.  ऊन जायच्या आत मेंढरांच्या मधोमध ती पाठ वाचली. गाजरगवताची जागा रुपयाएवढी लाल, वर बारीक फोड. बाकी सगळ्या कोऱ्या. धुळाजी म्हणाला, "माझी पाठ मला कशी दिसायची?" तेव्हा बाईंनी कागदावर त्याची पाठ काढून दिली, खाली लिहिलं की हा त्रास गवताचा आहे, एकाचा दुसऱ्याला होत नाही.

तो कागद घेऊन मी मालेला गेलो (वाटेत कुठंही थांबलो नाही, शपथ). भिवाजी म्हणाले, "कागूद ऱ्हाऊ दे. गवात माझ्या बी बांधाला हाय, रोज उपटतोय. मग मला का व्हईना?"  परत येऊन बाईंना खाली मान घालून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, मला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं. म्हणाल्या, "हेच शोधायला मी दोन वर्षं मागून घेतली आहेत. मला अजून माहीत नाही." एवढं शिकलेलं माणूस हे इतक्या आनंदानं म्हणताना मी पहिल्यांदा पाहिलं. शाळेत मीही हेच म्हणायचो, पण मला छडी मिळायची.

धुळाजी मात्र रोज येतो, माझ्या तोंडाकडं बघतो आणि न विचारताच परत जातो.

तुमचा भाचा,
रफीक

ता. क. बाईंना गाजरगवत कधी न लागलेल्या पाठीही हव्या आहेत. ते महाडला अजून उतरलेलं नाही आणि माझ्या मामूंच्या पाठीवर दहा टिकल्या ऐसपैस बसतील, असं मी सांगून बसलोय. वहीत तुम्ही पंधरा नंबर. चार दिवस पाठीला पाणी नाही. मामींना विचारायचं तुमच्यावर सोडतो (सोळा नंबर राखून ठेवलाय).

आणखी एक. घाईत लिहितोय. आत्ताच्या एसटीतून भिवाजी उतरलेत. दारातच सदरा काढून बसलेत आणि बाईंना सांगतायत, "जे जावयाला लावलं ते मला बी लावा. कुनाचं कातडं काय बोलतंय बघू." चार दिवस लागतील म्हटलं, तर म्हणाले, "ठावं हाय. रांधायला लेकीला आनलीया." साळूबाई बोचकं घेऊन त्यांच्या मागं उभ्या होत्या. आता नाहीत. बाईंना त्यांनी काही विचारलं नाही, मला एवढंच विचारलं, आज मेंढरं कुटं हायेत.