बॅटरीचं पाणी

निफाड,
१२ डिसेंबर २०२४

चि. संजनास मामाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणशील, हातात फोन असताना मामा पत्र कशाला लिहितो. पस्तीस वर्षं सायकलवर लोकांची पत्रं वाटली, मला मात्र वीजबिलाखेरीज काही आलं नाही. ती कसर आता तुझ्याकडून भरून काढायची आहे. उत्तर पत्रानेच हवं.

बुद्धपौर्णिमेला तू विहाराच्या अभ्यासिकेवर सोलर बसवलंस, तेव्हापासून लाइट गेली तरी पोरं जागची हलत नाहीत. समितीने किल्ली आणि बॅटरी माझ्या स्वाधीन केली म्हणून मी रोजची नोंद वहीत ठेवतो. दोन गोष्टी कळत नाहीत. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये तू जी डबी बसवलीस, तो कंट्रोलर, त्याचा हिरवा दिवा दुपारी बारालाच लागतो. म्हणजे बॅटरी भरली. मग संध्याकाळी साडेआठलाच अंधार का? तू दहापर्यंत चालेल म्हणाली होतीस. दुसरं म्हणजे बॅटरी पाणीच पीत नाही. तू दिलेला बॅटरीच्या पाण्याचा कॅन सात महिन्यांत जेमतेम चार बोटं उतरला. तुझी मामी म्हणते, की घरात एवढं कमी पिणारं कोणी असतं तर तिचा चहा वाचला असता.

दहावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. एकदा येऊन पाहून जा. म्हाताऱ्याची कटकट मानू नकोस, मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
निवृत्तीमामा

*

गंगापूर रोड, नाशिक,
२० डिसेंबर २०२४

ती. मामांस संजनाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात सगळ्यांनी पाकीट हातात घेऊन पाहिलं. रवीने, म्हणजे माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने, तिकिटाचा फोटोसुद्धा काढला.

मामा, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. इथे एका आड एक गच्चीवर पॅनेल चढतंय. पूर्वी लोक विचारायचे, पावसाळ्यात चालेल का. आता विचारतात, शेजाऱ्यांच्या आधी कधी बसेल. मी आठवड्याला आठ गच्च्या करते. मालक म्हणतात, की मुलगी असून शिडीवर अशी चढते जशी काही जन्मलीच तिथे. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तुमचं सोलर ठणठणीत आहे. बारालाच भरतं म्हणजे ऊन चांगलं आहे. पाणी कमी लागतं हे तर चांगलंच लक्षण. साडेआठला जातं, कारण पोरं गुपचूप मोबाइल लावत असणार चार्जिंगला. वही मिटा आणि मामीला घेऊन फिरायला जा. कंट्रोलरच्या बटणांना मात्र हात लावू नका, ते आमचं काम.

मामीला जयभीम. माझ्यावरचा लोभ पाण्यासारखा चार बोटंही उतरू देऊ नका.

तुमची,
संजना

*

नाशिक,
५ एप्रिल २०२५

ती. मामांस संजनाचा सविनय जयभीम. वि. वि.

दोन महिने तुम्हाला फोन केला नाही. आज लिहिते आहे तेही तीन कागद फाडून.

फेब्रुवारीच्या त्या रविवारी, परीक्षेला बारा दिवस उरले असताना बॅटरी बसली, म्हणून मी आले. झाकण उघडलं तर आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडलेल्या. बोअरच्या क्षारांनीही असंच होतं. कोपऱ्यात तुमचा कॅन जवळपास भरलेला दिसला. सगळी पोरं, त्यांचे आईबाप, समितीचे ज्ञानेशभाऊ उभे होते. मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, की कॅन भरलेला आहे तर मग एवढे दिवस बॅटरीत ओतलंत काय. बोअरचं पाणीच ना. तुम्ही वही पुढे केलीत. मी म्हटलं, वहीत काहीही लिहिता येतं.

तुम्ही किल्ली काढून ज्ञानेशभाऊंच्या हातात दिलीत आणि चप्पल घालून निघालात. चप्पल उलटी घातली होती, हे मला दिसलं होतं मामा. तरी मी बॅटरीचेच नट खोलत राहिले.

नवी बॅटरी आणि नवा कंट्रोलर रवीने येऊन बसवला. जुना कंट्रोलर दुकानात पडून होता. परवा कळवणच्या एका कामासाठी तो घेतला, टेबलावर चालू केला. तो कारखान्यातून आला तसाच होता, पाणी न लागणाऱ्या बंद बॅटरीच्या सेटिंगवर. तुमची बॅटरी पाण्याची. तिला जास्त व्होल्टेजपर्यंत चार्ज करावं लागतं. बटण तीन सेकंद दाबून ते बदलायचं असतं, आणि बुद्धपौर्णिमेच्या गडबडीत मी ते बदललं नाही. म्हणून दुपारी बारालाच तो भरली म्हणायचा. बॅटरी आठ महिने अर्धपोटी राहिली, म्हणून साडेआठला अंधार, म्हणून पाणी उतरत नव्हतं, म्हणूनच पट्ट्या पांढऱ्या. तुम्ही हे सगळं डिसेंबरात लिहून कळवलं होतंत. मी त्यावर विनोद केले.

मला आयटीआयला वायरमन ट्रेडला घातलंत ते तुम्ही. प्रवेशाचं पत्र वाटपाच्या फेरीतून वेगळं काढून आमच्या दारात घंटी वाजवत आलात ते तुम्ही. आणि मी तुम्हाला खोटारडं ठरवलं. मला आरशात बघवत नाही.

आता तिकडे सगळं नीट चालू आहे असं रवी म्हणतो. समितीला हे कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दुकानात कळलं तर मला गच्चीवर पाठवायचे नाहीत, म्हणून इथे अजून कोणाला बोलले नाही. मला माफ करता आलं तर करा.

तुमची,
संजना

*

निफाड,
८ एप्रिल २०२५

चि. संजनास जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

तुला राग धरून लिहीत नाही, पण गोड बोलायचंही आज मनात नाही. माणसाकडून चूक होते. मी एकदा एका घरचं पत्र दुसऱ्या घरी टाकलं होतं, एक लग्न मोडता मोडता वाचलं. बटण राहिलं त्याचं मला काही वाटत नाही.

पण पोरी, आरोप तू विहारात उभं राहून चाळीस माणसांसमोर केलास आणि माफी पाकिटात चिकटवून पाठवलीस. समितीला सांगायचं की नाही ते मी ठरवू म्हणतेस. मी सांगायला गेलो तर लोक म्हणतील, भाचीचा कागद दाखवून म्हातारा स्वतःला धुऊन घेतोय. त्या रविवारपासून मी अभ्यासिकेत पाऊल टाकलेलं नाही. कट्ट्यावर बसलो की एखादा हसून विचारतो, मामा, चहा बोअरच्या पाण्याचा का. मीही हसतो.

चौदा तारखेला सकाळी वंदनेला सगळे जमतील. पुढचं तू ठरव.

मामी विचारते, जेवायला येणार का. तिला तुझ्या पत्रातलं काही सांगितलेलं नाही. जीव आहे तुझ्यावर, तो आहेच.

निवृत्तीमामा

*

निफाड,
१७ एप्रिल २०२५

चि. संजनास मामाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस आणि मालकांनाही स्वतःच सांगितलंस हे कळलं. महिनाभर शिडीऐवजी टेबलावर बसवलंय म्हणतेस. बस. टेबलावर बसून बटणं तरी नीट पाहशील.

वंदना झाल्यावर तू पुढे आलीस, जुना कंट्रोलर सगळ्यांना दाखवलास आणि माझी वही मोठ्याने वाचलीस. एकही तारीख गाळली नाहीस. ज्ञानेशने तिथेच किल्ली माझ्या हातात दिली. दहावीची पायल म्हणाली, की परीक्षेच्या आधी पाच दिवस तिने मेणबत्तीवर अभ्यास केला, आणि त्याचं काय. तू तिच्यापुढेही हात जोडलेस. ते सोपं नव्हतं, मला माहीत आहे.

तू बोलत होतीस तेव्हा मी मान खाली घालून होतो. राग आहे असं वाटून तू जेवताना एक पोळीही धड खाल्ली नाहीस. राग नव्हता. मलाच लाज वाटत होती, तिचं कारण आता सांगतो.

फेब्रुवारीत तू गेलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ज्ञानेशकडे जाऊन कॅनमधलं पाणी वाटीत मागून आणलं. घरी बोअरचं पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं आणि चमच्याने दोन्ही चाखून पाहिली. आदल्या दिवशी विहारात उभा असतानाच मला वाटायला लागलं होतं, की माझ्याच हातून कधीतरी अदलाबदल झाली असेल. तू शिकलेली, मी सायकलवरचा माणूस. आठ महिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीवर माझा विश्वास राहिला नाही. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. तुझं नाव राखायला नव्हे. तसं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

नव्या कंट्रोलरचा हिरवा दिवा काल साडेतीनला लागला आणि उजेड दहापर्यंत पुरला. बॅटरी पाणीही पिते आहे. पण काल कॅन उघडायला मी तुझ्या मामीला बरोबर घेऊन गेलो. गुडघे दुखतात, वाकवत नाही, असं तिला सांगितलं. गुडघे माझे चांगले आहेत, संजना. पाणी ओतताना कोणीतरी बघितलेलं बरं, एवढंच.

पुढच्या वेळी तू आलीस की मामीला घरी बसवीन. तोवर ओढ अशीच राहू दे.

तुझा,
निवृत्तीमामा