पडद्यावरची रूलनची बायको

केनॅब, युटा
ऑक्टोबर १९५३

प्रिय नेड्रा,

तुझं घर चार अंगणं पलीकडे, हाक मारली तरी ऐकू जाईल. तरीही पत्र लिहितेय, कारण समोर आलीस की तू हसतेस आणि माझा राग पाघळतो. तुझा नवरा लॅमार वारल्यापासून तू आमच्याच टेबलाशी जेवतेस, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आता वाटतं.

गेल्या वर्षी सिनेमावाले आले आणि त्यांनी अख्ख्या गावाला कापडी छपराच्या गाड्यांत बसवलं. गंमतच! आपल्या पणज्या खरोखरच अशा गाड्यांतून इथे आल्या, आणि आपण रोजावर त्यांची सोंगं आणत होतो. त्या चष्मेवाल्या मदतनिसानं मला म्हाताऱ्या ऑर्सनच्या गाडीत ढकललं आणि माझ्या नवऱ्याशेजारी तुला बसवलं. म्हणे, दोघं शोभतात! एकदा ज्या गाडीत दिसलो ती शेवटपर्यंत बदलायची नाही, हा त्यांचा नियम. उन्हाळाभर मी मागून तुमची धूळ खाल्ली. वर ऑर्सन खिजवायचा, "व्हर्डा, आपल्या पंथात दोन-तीन बायका करायचे त्या आजोबांच्या काळी असतीस तर तिला सवत म्हणून घरातच घेतली असतीस की!" मी हसायचे. पण जळत होते गं, नुसती जळत होते.

तरी मनाला समजावलं, सोंग आहे. मग शेकोटीचा प्रसंग आला. पेल्यांत खरी कॉफी होती आणि आपल्या धर्मात ती वर्ज्य, म्हणून ठरल्याप्रमाणे आपण सगळ्यांनी पेला नुसता ओठांना लावला. तू रूलनला पेला दिलास आणि तो प्यायला! कॉफीच्या वासानंही तोंड फिरवणारा, जन्मात थेंब न चाखलेला माझा नवरा घटाघटा प्यायला. घरी विचारलं तर म्हणतो, "कॉफी होती? लक्षातच आलं नाही गं." लक्ष कुठे होतं, हे मी विचारलं नाही.

परवा शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. त्या घोटाला सगळा गाव हसला, बिशपसुद्धा. मी पडद्यावर रूलनचा चेहरा बघत होते. माझ्या हातचं काही पिताना असा चेहरा मी कधी पाहिलेला नाही.

आता ते पुढचा सिनेमा करायला येताहेत आणि त्यांना तीच जोडी हवीय. मला वाटलं, रूलन एका पायावर तयार होईल. त्यानं चक्क नाही म्हटलं. का, म्हणून विचारलं, तर खेचराचा खूर साफ करत, मान वर न करता म्हणाला, "मला नाही जमायचं, व्हर्डा." ज्याच्या मनात काही नाही, तो खुशाल गेला असता. तू त्यांना काय सांगितलंस ते मला माहीत नाही, आणि सांगूही नकोस. एवढंच कर. रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखी आमच्याच बाकावर, माझ्या शेजारी येऊन बस. मागे जाऊन बसलीस, तर मी काय ते समजेन.

अजून तरी तुझीच,
व्हर्डा