शेठजींची गाडी आणि माझा बिल्ला

इंदूर, २१ मे १९९८

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या दिवाकरचा नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? उज्जैनच्या उन्हात उगाच फिरू नका. वहिनींनाही नमस्कार. इकडे शुभदा बरी आहे. मिल बंद झाल्यापासून तिचं हसणंच गेलं होतं, पण मी ड्रायव्हर झालो आणि घरात पुन्हा बोलणंचालणं सुरू झालं. म्हणून ही नोकरी मला जिवापाड जपायची.

तर गाडी. अहो दादा, विलायती गाडी, आणि बटणंच बटणं! तुम्ही मला आपल्या मिलमध्ये चिकटवलंत, बावीस वर्षं साचाखात्यात यंत्रावर सूत काढलं, तिथे बटणं दोनच, हिरवं चालू, लाल बंद. इथे नुसती चित्रं. पुस्तक आहे, पण इंग्रजीत. एका बटणावर खुर्ची आणि तीन वाकड्या रेघा. म्हटलं, थंड हवा असणार. शेठजींच्या माँजींना खजरान्याला नेताना मोठ्या आदराने दाबलं. माँजी हळूहळू लालबुंद, "भिया, मुझे तो बुखार चढ गया." गणपती राहिला बाजूला, थेट डॉक्टर. ते सीट तापवायचं बटण निघालं! (मे महिन्यात इंदूरात सीट तापवायची कुणाला पडली आहे?) लाल त्रिकोणाला तर मी हातच लावला नाही. तसा त्रिकोण सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा असतो, म्हटलं शेठजींच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा. मग राजवाड्यापाशी गाडी बंद पडली तेव्हा मागच्यांना इशारा द्यायचा राहिला आणि एक टेम्पो येऊन धडकला. शेठजी म्हणाले, अब एक भी गडबड हुई तो छुट्टी.

मग मी शहाणा झालो. मागच्या दाराच्या कडेला एक खिटी असते, ती पाडली की दार आतून उघडत नाही. शेठजींचा नातू गाडीतून पडू नये म्हणून मी ती पाडून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी शेठजींनी गाडी आपल्या मिलवर न्यायला सांगितली. आपली यंत्रं ते भंगारात घेणार आहेत. चौकीदाराने फाटक उघडलं, मी गाडी आत उभी केली, चावी खिशात टाकली, आणि दादा, मला काय झालं कुणास ठाऊक, उतरून सरळ हजेरीच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिलो. खिशातून पितळी बिल्ला काढला, नंबर ४१७. (हो, अजून खिशात असतो. हसू नका.) खिडकीला फळ्या ठोकलेल्या. तेवढ्यात मागून भोंगा झाला. मला वाटलं पाळी सुरू झाली, उशीर झाला, आणि मी साचाखात्याकडे धावत सुटलो. तो गाडीचा हॉर्न होता. शेठजी मागे कोंडलेले, दार उघडेना, चावीशिवाय काच उतरेना, बिचारे पुढच्या सीटवर पोट टेकवून हॉर्न दाबत होते. शेवटी चौकीदाराने बाहेरून दार उघडलं. मी आपला माझ्या साच्यापुढे उभा. त्यावर कुणीतरी खडूने 'भंगार' लिहिलं होतं. फार रडलो, दादा.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा,
दिवाकर

ता. क. तुमची अनुश्री शाळेत इंग्रजी शिकवते, तिच्याकडून गाडीच्या पुस्तकाचं मराठी करून घेणार होतो. आता राहू द्या. पुस्तक गाडीतच राहिलं.

ता. क. २ शुभदाला अजून माहीत नाही. ती रोज डबा भरून देते, मी तो अन्नपूर्णेच्या देवळात बसून खातो आणि सहाला घरी जातो. मिल बंद झाल्याचंही माझ्या तोंडून निघेना, तेव्हा तिला तुम्हीच सांगितलं होतंत. गुडघे दुखत असले तरी एकदा या. कुठल्याही बसने या, मी स्टँडवर असेन. मला वेळच वेळ आहे.