उलट्या जायरोची अट

मी, खाली सही करणारी, विमानांची उपकरणं दुरुस्त करण्याच्या खात्यातून निवृत्त झालेली विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न झाला, म्हणूनच लिहिते.

१. बँकेतली ठेव मुलाला आणि मुलीला निम्मी निम्मी. तिच्यावरून भांडू नये. भांडायला घर आहे.

२. सोल्डरिंगची हत्यारं आणि भिंग मॉडेल विमानांच्या क्लबला. सेक्रेटरीने मात्र हात लावू नये. तळहातावर मावणारं विमान झुळुकेनेही उलथतं. आत बसवलेला जायरो, म्हणजे कल मोजणारा इवलासा बोर्ड, ते सावरतो. त्याला "कुबड्या" म्हणणाऱ्या या सेक्रेटरीने आधी चष्मा काढून जिना उतरून दाखवावा.

३. घर. हिवाळ्यात माझं सर्वांत छोटं विमान उडताच कलंडलं आणि कुंपणावर आपटलं. मुलगा लगेच म्हणाला, "आई, हात थरथरतात गं तुझे. एकटी कशी राहणार? घर विकू या." मुलगी म्हणाली, "दादा बरोबर बोलतोय." एरवी खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरही या दोघांचं पटत नाही. तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

विमान उघडलं, तर जायरोचा बोर्ड उलटा चिकटवलेला! असा बोर्ड कललेल्या विमानाला सावरत नाही, आणखी कलंडवतो. आदल्या संध्याकाळी मीच तो बसवला होता, आणि सरळ बसवला होता. उडवण्याआधी मी विमान हातात कलवून पंखांच्या पट्ट्या बरोबर हलतात का ते पाहते. त्या दिवशी "चल गं, वारा सुटेल" म्हणत दोघांनी घाई केली.

विमान कसं पडलं, एवढंच मी विचारलं; बोर्ड उलटा सापडल्याचं आजवर दोघांनाही सांगितलेलं नाही. मुलगा म्हणाला, "मी फक्त बॅटरी लावली." मुलगी म्हणाली, "मी तर हातही लावला नाही." हात कोणी लावला हे मी विचारलंच नव्हतं.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, संशय घेणं पाप आहे. सिस्टरना मुलं नव्हती.

म्हणून हे मृत्युपत्र वाचण्याआधी शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगवेगळं बोलावून एकेक विमान द्यावं. दोन्हींत बोर्ड मी मुद्दाम उलटा लावला आहे. "आईची आठवण, उडवून बघा," एवढंच सांगावं. जो हातात कलवून तपासेल, किंवा न तपासता आपटेल, तो निर्दोष. जो काहीही न तपासता थेट बोर्ड उघडायला जाईल, त्याला खोट कुठे असते ते आधीच ठाऊक आहे; त्याने विमान घ्यावं आणि निघावं, घर दुसऱ्याचं. दोघांनीही तेच केलं तर घर क्लबला.

दोघंही निर्दोष ठरली तर घर दोघांचं, आणि बोर्ड माझ्याच हातून उलटा लागला असावा. ही शक्यता न्याय म्हणून नोंदवते. मानत नाही.

सही (एका दमात, न थरथरता)

साक्षीदार:
शेजारच्या डॉक्टरीणबाई, माझं डोकं आणि दोन्ही हात तपासून
कोपऱ्यावरचा चष्मेवाला, यातलं काहीही मिळणार नाही म्हणून निवडलेला

दिनांक: ४ मार्च
स्थळ: माझं घर, अजून तरी