परातीखालचं टायर

मॅडम, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली आणि परवा विष्णुपुरीला आपल्या कॉलेजात सरांचा सत्कार आहे. तुमच्या त्या टायरसाठी. एका हातानं भाकरी थापता यावी म्हणून केलेलं साधन, संशोधक म्हणून नाव एकट्या सरांचं. हेच सर तुम्हाला म्हणायचे, गावोगाव फिरणाऱ्यांनी माहिती आणावी, संशोधन आमच्याकडं सोडावं. तुम्ही हसून पुढच्या गावाला निघायच्या. तुमच्यामागं त्यांनी ते स्वतःच्या नावानं छापलं तेव्हा मी त्यांची कॉलर धरली, माझं कॉलेज सुटलं. त्याचा पस्तावा न्हाई. माझ्या वर्गातली ती मात्र तिथंच राहिली, आज सरांच्याच हाताखाली काम करून राहिली, हे लई जळतं.

मुरुडची दुपार आठवते. लकवा मारलेल्या मावशी, डावा हात मांडीवर पडलेला. पीठ मळायला घेतलं की परात गरागरा फिरते. मी पुढं होऊन ती धरतो, आणि तुम्ही सगळ्यांदेखत खेकसता, "सोड. रोज येणार हायस का तू?" मी रागानं अंगणात जाऊन बसलो. परत आलो तर लहान पोराच्या सायकलच्या जुन्या टायरात परात घट्ट बसलेली, आणि मावशी एका हातानं मळतायत. भाकरी वाकडी झाली. नवऱ्याला आता अशीच गिळावी लागंल म्हणाल्या. पुढं वर्षभर तुम्ही घरोघर ते टायर लावून बघितलंत, कुठं जमलं, कुठं घसरलं, सगळं वहीत टिपलंत. आजारपणात ती वही मला दिलीत, तुझं अक्षर बरं आहे, नीट उतरवून काढ म्हणालात.

परवा ती वही मी भर मंचावर आपटणार आहे. सरांचं तोंड उतरताना मला जवळून बघायचंय. काल तिला फोन केला. ती म्हणाली, "वही खरी असंल तर मी तुझ्या बाजूनं उभी राहते. पण अख्खी आण."

मग मी वही पहिल्यांदाच नीट चाळली. मुरुडच्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'टायरची युक्ती मावशींची. छापताना त्यांचं नाव आधी.' सर हसून विचारतील, मग तुझ्या मॅडमचं तरी काय होतं? ते मला ऐकायचं नव्हतं. पान मी फाडलं, तिलाही कळणार नाही इतक्या सफाईनं.

मागची बाजू कोरी होती. हे सगळं त्याच्यावरच लिहिलंय, मॅडम.